गव्हाच्या आधीचं घर : आयोवातले बोर्लॉग

काळी_माती (धागालेखक)

आईबाबा आले की त्यांना फिरवायचं कुठे, हा इथल्या प्रत्येक घरातला प्रश्न. नायगारा झाला, शिकागो झालं, मॉलमध्ये बाबांनी दोन तास बाकावर बसून काढले. शेवटी सप्टेंबरातल्या एका रविवारी गाडी दक्षिणेला वळवली. आम्ही मिनेसोटातल्या रॉचेस्टरला राहतो. तिथून सव्वा-दीड तासावर, राज्याची हद्द ओलांडली की आयोवाच्या ईशान्य कोपऱ्यात क्रेस्को लागतं. त्याच्या परिसरात सौडे नावाची जुनी नॉर्वेजियन वस्ती आणि प्रोटिव्हिन नावाचं चेक लोकांचं गाव आहे. नॉर्मन बोर्लॉग या टापूत वाढला. 1970 चं शांततेचं नोबेल मिळालेला, मेक्सिकोत गव्हाचे भरघोस पिकणारे वाण तयार करणारा बोर्लॉग. त्याचं लहानपणीचं शेत आणि एका खोलीची शाळा जपून ठेवली आहे.

बाबा जालना जिल्ह्यातले. रेशनवरची लाल मिलो ज्वारी खाल्लेली पिढी. 'कल्याणसोना' गहू आमच्या शिवारात पहिल्यांदा आला तेव्हा ते शाळेत होते. भारताने 1966 मध्ये मेक्सिकोहून 18,000 टन गव्हाचं बियाणं आणलं. कल्याणसोना त्या मेक्सिकन वाणांच्या गोतावळ्यातला, पण निवड आपल्याकडच्या शास्त्रज्ञांनी केलेली. हे गाडीत सांगत होतो, तर बाबांचं लक्ष बाहेर. दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, दुसरं काही नाही. गहू शोधून सापडला नाही.

शेतावर उतरल्यावर बाबांनी चार प्रश्न विचारले. हीर कुठंय? गडी किती व्हते? एवढ्या मक्याचं करायचे काय? आणि भाऊ किती होते, वाटण्या कशा झाल्या?

त्या प्रश्नांपायी मी महिनाभर वाचत बसलो. मला बोर्लॉग गव्हापासून माहीत होता. त्याआधीच्या घराबद्दल काहीच ठाऊक नव्हतं.

पणजोबा-पणजी, ओले आणि सोलवेग, 1854 मध्ये नॉर्वेच्या सोग्न भागातल्या फेइओस नावाच्या खेड्यातून निघाले. नॉर्वेत नांगर चालेल अशी जमीन देशाच्या जेमतेम तीन टक्के. डोंगर आणि खाडी यांच्या मधल्या पट्टीवर किती भावांनी पोट भरायचं? त्यांचा मुलगा निल्स, म्हणजे नॉर्मनचे आजोबा. निल्सचा मुलगा हेन्री, हेन्रीची बायको क्लारा. नॉर्मन 25 मार्च 1914 ला आजोबांच्या घरीच जन्मला. पाठीवर पाल्मा आणि शार्लट या बहिणी. तिसरी हेलन 1921 मध्ये जन्मली आणि त्याच वर्षी गेली.

घरची शेती 106 एकर. मका, ओट, टिमोथी गवत, गाई, डुकरं, कोंबड्या. नॉर्मन सात वर्षांचा असल्यापासून एकोणिसाव्या वर्षापर्यंत या कामात होता. आठवीपर्यंत ती एका खोलीची शाळा. त्या भागातली बहुतेक शेतकरी मुलं तिथेच थांबत, कारण हायस्कूल लांब आणि घरी हात कमी. आजोबा मात्र हट्टाला पेटले. आत्ता डोकं भरून घे, म्हणजे पुढे पोट भरेल, अशा अर्थाचं ते म्हणत, हे बोर्लॉगने आयुष्यभर सांगितलं. स्वतः निल्सची शाळा फारशी झालेली नव्हती.

विहिरीचं उत्तर तिथल्याच एका माणसाने दिलं. या भागात पाऊस वर्षाला 800-900 मिलिमीटर, सगळं कोरडवाहू. पाणी हवं ते जनावरांना आणि स्वयंपाकघराला. ते पवनचक्कीच्या पंपाने वर यायचं, विहीर म्हणजे आपल्या बोअरसारखी अरुंद नळी. उलट शेतातलं जास्तीचं पाणी घालवायला तीन-चार फूट खोल चर खणून मातीचे पक्के नळ पुरलेले असत. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पाणी घालवायला खर्च करायचे?"

बाकीच्या प्रश्नांवर भर घाला. इथे आयोवात राहिलेले बरेच आहेत.

पाणंद

छान धागा. पण 106 एकर म्हणजे आमच्याकडे पाटलाचा वाडा, दोन सालगडी आणि दारात जीप. याला 'साधा शेतकरी' कसं म्हणायचं?

काळी_माती

@पाणंद, मलाही आधी तसंच वाटलं. दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, वर्षातले पाच महिने जमीन गोठलेली. पीक एकच, आणि त्याच्यावर सगळी जनावरं हिवाळाभर पोसायची. दोन, घोडे. ट्रॅक्टर यायच्या आधी अमेरिकेत घोडे आणि खेचरं मिळून अडीच कोटींवर होती आणि लागवडीच्या जमिनीचा पाव हिस्सा नुसता त्यांच्या चाऱ्यात जायचा. ओट पेरायचे ते घोड्यांसाठी, घोडे पाळायचे ते ओट पेरण्यासाठी, असा तो फेरा.

जमिनीच्या मोजणीचंही सांगतो, बाबांना फार आवडलं. 1785 च्या कायद्याने सगळा मुलूख चौकटीत आखला. सहा मैल गुणिले सहा मैलांची टाउनशिप, तिचे 36 भाग, प्रत्येक भाग 640 एकरांचा. त्याचा चतुर्थांश 160 एकर, आणि त्याचा चतुर्थांश 40. त्या 36 पैकी सोळा नंबरचा भाग शाळेच्या खर्चासाठी राखीव. म्हणून तिथले रस्ते मैला-मैलावर काटकोनात. बाबा म्हणाले, मग बांधावरून भांडणं कशी करत असतील!

सुगरण_नव्हे

वाचतेय. पणजोबा, आजोबा, वडील, नातू. आज्या कुठे आहेत? 'हेन्रीची बायको क्लारा' एवढ्यावर आटोपलं?

मक्याचं_रान

@सुगरण_नव्हे, बरोबर पकडलंत. मी सीडर रॅपिड्सजवळ तीस वर्षं आहे. शेजारी एक आजी होत्या, शेतावर वाढलेल्या, दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्याकडून ऐकलेलं लिहिते. बोर्लॉगच्या घरचं नाही, पण काळ आणि मुलूख तोच.

किराणा अंड्यांवर चालायचा. शनिवारी अंडी आणि साय घेऊन गावात जायचं, दुकानदार त्याच्या बदल्यात साखर, कॉफी, दोरा द्यायचा. मका-डुकरांचा पैसा वर्षातून एक-दोनदा येई आणि येताच बँकेत जाई. घर तगायचं ते कोंबड्यांवर. त्या पैशावर नवऱ्याचा हात नसे, निदान तसा रिवाज होता. खाद्याची पोती छापील कापडाची येत, त्याचे मुलींना झगे. आजी सांगायच्या, वडील खाद्य आणायला निघाले की आई बजावायची, गेल्या वेळच्याच फुलांची दोन पोती आणा, नाहीतर बाह्या वेगळ्या होतील.

सगळ्यात राग कशाचा, विचारलं तर त्या एका क्षणात म्हणाल्या, साय काढायचं यंत्र. हाताने फिरवायचं. दूध वरून ओतलं की एका तोटीतून साय, दुसरीतून पातळ दूध. साय विकायची, पातळ दूध डुकरांना. आत वीसेक पत्र्याच्या चकत्या एकावर एक. त्या रोज धुवायच्या, क्रमाने लावायच्या. एक मागेपुढे झाली तर यंत्र गळायचं आणि शिव्या खायच्या. वीज नाही, गरम पाणी चुलीवरचं. 1930 च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या दहा शेतघरांपैकी एकाकडे वीज होती. सरकारने 1935 मध्ये ग्रामीण विजेचं खातं काढलं, त्यानंतर तारा आल्या.

आता गड्यांचा प्रश्न. ओटची मळणी आपल्या सावडीसारखी. आठ-दहा घरं मिळून वाफेवरचं मळणीयंत्र यायचं, आणि त्या सगळ्या घरचे पुरुष एकेकाच्या शेतावर पाळीपाळीने. ज्याच्याकडे मळणी त्याच्याकडे जेवण. वीस माणसं, दुपारचं ताट भरगच्च: मांस, बटाटे, पाव, दोन प्रकारचे 'पाय', म्हणजे फळं भरून भाजलेला गोड पदार्थ. कोणाच्या घरी काय वाढलं याची चर्चा वर्षभर. शेजारच्या आजी म्हणायच्या, मळणी पुरुषांची, पण परीक्षा बायकांची.

पाणंद

सावड! आमच्याकडे इर्जिकही म्हणतात. म्हणजे गडी नव्हतेच तर.

मक्याचं_रान

नावाला एखादा असायचा, तोही मका काढणीच्या वेळी. खरे गडी म्हणजे घरची पोरं.

मका काढणीचं सांगायचं राहिलं. आजींच्या यजमानांनी गॅरेजच्या भिंतीला एक आकडा टांगून ठेवला होता. चामड्याचा पट्टा, तळहातावर बसेल असा, आणि त्याला पोलादी वाकडा काटा. तो त्यांनी एकदा माझ्या हाताला बांधून दिला. डाव्या हातात कणीस धरायचं, उजव्या हाताच्या काट्याने पानं फाडायची, मनगट वळवून कणीस मोडायचं आणि न बघता गाडीत फेकायचं. गाडीच्या पलीकडच्या बाजूला उंच फळी. कणीस तिच्यावर आपटून आत पडतं. टाप, टाप, टाप. घोड्यांना कोणी धरलेलं नसतं, मालकाचा आवाज ऐकून ते दोन पावलं पुढे जातात. चांगला माणूस दिवसाला शंभर बुशेल काढायचा, म्हणजे दाण्यांच्या हिशेबात अडीच टन. पहाटे धुकं गोठलेलं असताना सुरुवात, कारण उजेडाचे तास कमी. संध्याकाळी तेच सगळं फावड्याने कणगीत भरायचं. ऑक्टोबरात लागलेलं काम कधीकधी नाताळापर्यंत.

मी पाच कणसं सोलली. पाचव्याला आकडा माझ्याच अंगठ्यात घुसला. आजोबांनी न बोलता पट्टी दिली, ती बहुधा आधीच काढून ठेवली असावी.

या कामाच्या स्पर्धा भरत, खोटं वाटेल. 1924 मध्ये हेन्री ए. वॉलेस यांनी त्या सुरू केल्या. तेव्हा ते आयोवात शेतीचं साप्ताहिक चालवत, पुढे अमेरिकेचे कृषिमंत्री आणि उपाध्यक्ष झाले. ऐंशी मिनिटांत कोण जास्त कणसं काढतो ते पाहायला 1930 च्या दशकात लाखावर माणूस जमायचा. आणि याच वॉलेसनी 1926 मध्ये संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी काढली. मागोमाग काढणीची यंत्रं आली आणि आकडा भिंतीवर गेला.

विळा

सगळे रमलेत म्हणून वाईटपणा घेतो. 'पणजोबा आले आणि शेती केली' या वाक्यात एक गाळलेली ओळ आहे. ईशान्य आयोवा 1830 च्या दशकात सरकारने 'तटस्थ पट्टा' म्हणून आखला आणि विस्कॉन्सिनमधून हुसकलेल्या हो-चंक या मूळनिवासी लोकांना तिथे आणून वसवलं. 1848 मध्ये त्यांना तिथूनही हलवलं, मिनेसोटात. त्याआधी अमेरिकी सैन्याशी झालेल्या 1832 च्या लढाईनंतर सॉक आणि मेस्क्वाकी या मूळनिवासी लोकांनी मिसिसिपीच्या पश्चिमेचा पट्टा गमावलाच होता. ओले आणि सोलवेग 1854 मध्ये जहाजात बसले. सहा वर्षांचं अंतर आहे फक्त.

दुसरं, अमेरिकेत फुकट जमीन वाटली असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. तो 1862 चा कायदा: 160 एकर, पाच वर्षं राहून कसायची, फी साधारण 18 डॉलर. पण आयोवातली बहुतेक जमीन त्याआधीच गेली होती, एकरी सव्वा डॉलर सरकारी भावाने किंवा मधल्या दलालांकडून चढ्या भावाने. फुकटची जमीन पुढे पश्चिमेला, नेब्रास्का-डकोटात, जिथे पाऊस कमी.

मक्याचं_रान

विळा, गाळलेली ओळ भरल्याबद्दल आभार. त्यात एक जोड. मेस्क्वाकींनी 1857 मध्ये टामा काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) स्वतःच्या पैशाने जमीन विकत घेतली आणि आजही ते तिथे आहेत. माझ्या घरापासून तासाभरावर. ज्यांच्याकडून घेतली त्यांनी ती परत पैसे मोजून घेतली.

तळटीप

आडनावाबद्दल कोणी बोललं नाही. जुनी नॉर्वेजियन पद्धत अशी: स्वतःचं नाव, मग बापाचं, मग ज्या शेतावर राहता त्याचं. निल्स ओल्सन म्हणजे ओलेचा मुलगा निल्स. 'बोर्लॉग' हेही मुळात जागेचं नाव. शेत बदललं की शेवटचं नाव बदलायचं. आपले पैठणकर, नांदेडकर आठवा. फक्त आपल्याकडे गाव सुटल्यावर ते चिकटतं, त्यांच्याकडे राहत असेपर्यंत.

आणि भाषेची गंमत, म्हणजे गंमत नाहीच ती. सौडेसारख्या वस्तीत चर्च, शेजार, घर सगळं नॉर्वेजियन. प्रोटिव्हिनमध्ये चेक. जवळच्या स्पिलव्हिलमध्ये तर 1893 चा अख्खा उन्हाळा चेक संगीतकार द्वोरझाक येऊन राहिला होता, आपल्या भाषेची माणसं भेटतात म्हणून. पहिलं महायुद्ध आलं आणि 23 मे 1918 ला आयोवाचे गव्हर्नर हार्डिंग यांनी फर्मान काढलं: शाळेत, रस्त्यावर, रेल्वेत, टेलिफोनवर, देवळात इंग्रजीच बोलायचं. रोख जर्मनांवर, पण नॉर्वेजियन, डॅनिश, चेक सगळे त्यात आले. ज्या म्हाताऱ्यांना इंग्रजी येत नाही त्यांनी घरी बसून प्रार्थना करावी, असा त्याचा अर्थ. तेव्हा टेलिफोनची तार आठ-दहा घरांत सामाईक असे. एकाचा फोन वाजला की बाकीच्या घरी कान लावून ऐकता येई. स्कॉट काउंटीत चार बायका फोनवर जर्मन बोलल्या म्हणून त्यांना 225 डॉलर भरावे लागले, रेड क्रॉसला. नॉर्मन तेव्हा चार वर्षांचा.

सुगरण_नव्हे

टेलिफोनवर कान लावणाऱ्या शेजारणी! हे वाचून मन एकदम घरी गेलं.

जमाखर्च

मी बँकेत होतो, मला कर्जाचीच बाजू दिसते. पहिल्या महायुद्धात मक्याचा भाव बुशेलला दीड डॉलरच्या घरात गेला. शेतकऱ्यांनी शेजारची जमीन फुगलेल्या भावाने, गहाणावर घेतली. बँका मागे लागून कर्ज देत होत्या. 1920 च्या उत्तरार्धात भाव कोसळला आणि हप्ते होते तेवढेच राहिले. आपण मंदी 1929 ची म्हणतो, आयोवाच्या शेतकऱ्याची मंदी नऊ वर्षं आधी लागली. 1932 च्या अखेरीस मका 10-12 सेंटांवर. कोळसा महाग पडतो म्हणून लोकांनी शेगडीत मका जाळला.

मग जप्तीचे लिलाव. शेजारीपाजारी लिलावाला जमायचे आणि गायीला दहा सेंट, नांगराला पाच सेंट अशी बोली लावून सगळं मालकाला परत करायचे. बाहेरच्या कोणी वर बोली लावली तर त्याच्या खांद्यावर हात पडायचा. 27 एप्रिल 1933 ला ले मार्स गावात तर न्यायाधीश ब्रॅडली यांना शेतकऱ्यांनी कोर्टातून ओढून बाहेर काढलं, गळ्यात दोर टाकला आणि म्हणाले, जप्तीच्या हुकमावर सही करणार नाही अशी शपथ घ्या. न्यायाधीशांनी शपथ घेतली नाही. जमावाने शेवटी सोडलं. गव्हर्नरने त्या काउंटीत लष्कर उतरवलं. शिकलेसवरलेले, रविवारी चर्चला जाणारे शेतकरी होते हे.

पाणंद

12 मे 1875, सुपे. पुणे जिल्ह्यातले शेतकरी सावकारांच्या घरात घुसले, आणि त्यांना हवे होते ते कागद. खतं, रोखे बाहेर काढून जाळले. त्यावर शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा 1879 चा कायदा आला. इथे दोर, तिथे होळी, पण राग दोन्हीकडे कागदावरच.

काळी_माती

@जमाखर्च, तुमच्यामुळे एक तारीख जुळली. नॉर्मन 1933 मध्ये, एकोणिसाव्या वर्षी घर सोडून मिनेसोटा विद्यापीठात गेला. म्हणजे ले मार्सच्या दंग्याच्याच वर्षी. त्या वर्षी एकुलत्या एका मुलाला शेतावरून सोडणं ही हेन्री आणि क्लाराची केवढी छाती! आणि बाबांच्या चौथ्या प्रश्नाचंही उत्तर मिळालं: वाटणी झाली नाही, कारण मुलगा शेतीकडे परतलाच नाही. विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत तो आधी नापासही झाला होता, मग दुसऱ्या मार्गाने आत शिरला.

चुलत बहीण सिनाचं नाव इथे घ्यायला हवं. लहानपणी शाळेतून परतताना बर्फाच्या वादळात नॉर्मन थकून आडवा झाला, तेव्हा त्याला खेचून उठवणारी ती. पुढे तीच शाळेत शिक्षिका झाली आणि याला हायस्कूलला पाठवाच म्हणून आईवडिलांच्या मागे लागली. त्याची हुशारी बेताची आहे पण चिवट आहे, असं तिचं मत होतं म्हणे.

वर्धेकर

अवांतर, पण राहवत नाही. बोर्लॉग मेक्सिकोत 1944 मध्ये पोचला. त्याच्या वीस वर्षं आधी आमच्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे तिथे होते. गदरवाले क्रांतिकारक, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, 1924 पासून चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवत. मक्यावर आणि गव्हावर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या. मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेराच्या भित्तिचित्रात ते भाकरी वाटताना दिसतात. शेवटची वर्षं नागपुरात गेली, 1967 मध्ये वारले. कल्याणसोना विदर्भात पोचत होता त्याच सुमाराला.

काळी_माती

@वर्धेकर, अवांतर कसलं! यावर वेगळा धागा काढाच.

आडवाट

सगळं ठीक, पण या गव्हाने पंजाबचं पाणी संपवलं, खतांचा

काळी_माती

@आडवाट, प्रतिसाद अर्धाच आला आहे, पण रोख कळला. त्यासाठी दुसरा धागा आहे, तीनशे प्रतिसाद झालेत तिथे. हा घराचा राहू दे.

पाणंद

आता ती जमीन कोण कसतं? तेवढं सांगा.

मक्याचं_रान

त्या नेमक्या शेताचं नाही, पण आसपासचं सांगते. 1930 च्या दशकात आयोवात दोन लाखांहून जास्त शेतघरं होती, आता 86-87 हजार. जुन्या तीन-चार घरांची जमीन मिळून एकाची. गाडीतून जाताना शेताच्या मधोमध चारपाच उंच झाडांचा पुंजका दिसतो आणि आत काहीच नसतं. तिथे घर होतं. झाडं वाऱ्याच्या आडोशाला लावलेली.

काळी_माती

हे पुंजके बाबांनीही पाहिले होते. त्यांना वाटलं देवराई.

हा धागा छापून बाबांना जालन्याला पाठवला. काल फोन आला. दोन दुरुस्त्या आहेत. एक, आमच्या गावात सावड आणि इर्जिक वेगवेगळं: सावडीत कामाची फेड कामाने, इर्जिकीत जेवण घालून एका दिवसात काम उरकायचं. मळणीला दोन्ही आहे, असं त्यांचं म्हणणं. दोन, त्यांच्या तिसऱ्या प्रश्नाला कोणी नीट उत्तर दिलं नाही. एवढ्या मक्याचं करायचे काय?

सांगितलं, मका माणसांनी थोडा खाल्ला, बराचसा डुकरांना आणि गुरांना घातला, म्हणजे मक्याचं मांस करून विकला.

"आन दाणे काढून उरलेले दांडे?"

सांगितलं, वाळवून टोपली भरून स्वयंपाकघरात, चुलीला.

"अन् उरले तर?"

आता परसातल्या संडासात एक पेटी असे आणि तिच्यात ते दांडे भरून ठेवत, कागद परवडत नसे म्हणून, हे सांगू की नको असा विचार करत होतो. सांगितलं. पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग आईला हाक मारल्याचं ऐकू आलं, "अगं, हे ऐकलंस का?"